येव्लेचे कोळी आणि पाण्यातून वर निघणारं बंदर

उत्तरकाठ

मध्यंतरी इथे कोकणातल्या खाड्यांत साठणाऱ्या गाळावर धागा चालू होता. त्यात मी "आमच्याकडे गाळ नसतानाही बंदर आटतं" असं एक वाक्य टाकून पसार झालो. दोघा-तिघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं, की हे काय गौडबंगाल आहे? व्यनित मावेल एवढं ते लहान नाही, म्हणून हा धागा. लांबेल, चहा घेऊन बसा.

मी उमिओला राहतो. उत्तर स्वीडन, बोथ्नियाच्या आखाताचा काठ. हे आखात म्हणजे बाल्टिक समुद्राचा उत्तरेकडचा फाटा. इथून दक्षिणेकडे गेलं की अर्नशोल्ड्सविक लागतं. एवढं नाव घ्यायचा इथल्या लोकांनाही कंटाळा, ते नुसतं 'ओविक' म्हणतात. त्याच्या थोडं पुढे शोपमानहोल्मेनच्या धक्क्यावरून फेरी सुटते आणि उल्वोन नावाच्या बेटांवर जाते. बेटं दोन, उत्तर आणि दक्षिण, मध्ये चिंचोळी पाण्याची पट्टी. उल्व म्हणजे लांडगा. त्या पट्टीच्या उत्तर काठाला जे गाव आहे ते उल्वोहाम्न. हाम्न म्हणजे बंदर. दोन्ही बाजूंनी डोंगर आड येतात, त्यामुळे बाहेर समुद्र खवळलेला असला तरी आत पाणी बरंच शांत. होडीवाल्याला आणखी काय हवं?

गाव म्हणजे एकच रस्ता. रस्त्याच्या एका अंगाला राहती घरं, दुसऱ्या अंगाला पाण्यात पाय सोडून बसलेल्या लाकडी खोल्या. खाली होडी, वर जाळी, मिठाची पिंपं, सगळी अडगळ. या खोल्यांना 'शोबूद' म्हणतात, शब्दशः समुद्राची खोली. बहुतेकांना तो फालूनच्या तांब्याच्या खाणीतल्या मातीचा लाल रंग. वर्षभर राहणारी माणसं काही डझन. उन्हाळ्यात मात्र शिडाच्या बोटी एकीला एक चिकटून उभ्या असतात आणि आइस्क्रीमला रांग लागते.

आता हे बंदर वसवलं कोणी? बेटावरच्या लोकांनी नाही. अडीचशे किलोमीटरहून जास्त दक्षिणेला असलेल्या एका शहरातल्या कोळ्यांनी. त्या शहराचं स्पेलिंग वाचून आपण 'गाव्ले' म्हणायला जातो, पण खरा उच्चार 'येव्ले'. पहिल्यांदा रेल्वे स्टेशनवर घोषणा ऐकली तेव्हा मी चक्क मान वर करून बघितलं होतं.

येव्लेला शहराची सनद मिळाली १४४६ मध्ये, उत्तरेकडच्या मुलखातलं हे सगळ्यात जुनं शहर. तिथल्या कोळ्यांना सोळाव्या शतकापासून वरच्या किनाऱ्यावर मासेमारी करायचे हक्क मिळत गेले. बर्फ फुटला की ते निघायचे. एकटे पुरुष नाही, अख्खी बिऱ्हाडं. बायको, मुलं, गडी, शेळ्या-गुरं, मोकळी पिंपं, मीठ, सगळं मोठ्या उघड्या होड्यांत भरून शिडावर किनाऱ्याकिनाऱ्याने वर. उन्हाळाभर उल्वोनसारख्या बेटांवर राहायचं, मासा धरायचा, खारवायचा आणि शरद ऋतूत भरलेली पिंपं घेऊन परत. मासा म्हणजे स्त्रोमिंग. हेरिंगचाच बाल्टिकमधला बुटका भाऊ.

उन्हाळाभर राहायचं तर देव हवा. म्हणून १६२२ मध्ये त्यांनी इथे लाकडी कापेल, म्हणजे छोटं चर्च, बांधलं. ते आजही उभं आहे. बाहेरून गोठ्यासारखं साधं, आत शिरलात की भिंतींपासून छतापर्यंत चित्रंच चित्रं, रोलांड योहान्सन ओबेरी या चित्रकाराने १७१९ मध्ये काढलेली. आणखी दोनच वर्षांनी, १७२१ मध्ये, रशियन गलबतांनी या किनाऱ्यावरची हेर्नोसांड, सुंड्सवाल, उमिओ अशी शहरं एकामागून एक जाळली. कापेल वाचलं.

आता मूळ मुद्दा. या भागात जमीन वर्षाला साधारण ८ मिलिमीटर वर येते. दरवर्षी, न थांबता. १६२२ पासून हिशेब करा. चारशे वर्षं गुणिले ८ मिलिमीटर, म्हणजे तीन मीटरहून जास्त. एका मजल्याची उंची! कापेल बांधणाऱ्यांनी जिथे होडी लावली असेल ती जागा आज कोरड्या जमिनीवर, रस्त्याच्या आसपास किंवा कुणाच्या परसात आहे. त्यांच्या वेळचं बंदर पाण्यातून वर निघालं आणि गाव त्याच्या मागे मागे खाली सरकत राहिलं. आज जे सुंदर बंदर दिसतं ती त्या सरकण्यातली आत्ताची पायरी.

पैठणीवाली

येव्लेचे कोळी!! अहो, मी मूळची येवल्याची. आमच्याकडे पाणी म्हटलं की टँकर आठवतो, आणि तुम्ही आम्हाला कोळी केलंत. माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते आहे.

एक प्रश्न. ही मंडळी उन्हाळ्यात यायची आणि हिवाळ्यात परत जायची. मग पुढच्या वर्षी आल्यावर आपली जागा दुसऱ्याने बळकावली, असं नाही व्हायचं? आमच्याकडे बाजारात आठवडाभर ओटा रिकामा ठेवला तरी भांडण.

उत्तरकाठ

@पैठणीवाली, तुमच्या ग्रुपवर येवल्याची नवी शाखा उघडली असं सांगा.

भांडणं व्हायचीच. म्हणून बंदराला स्वतःचे नियम होते आणि ते पाळले जातात की नाही हे बघायला कोळ्यांनीच निवडलेला एक कारभारी. त्याला 'हाम्नफोग्दे' म्हणत. आपल्या पाटलासारखा, फक्त त्याची पाटीलकी धक्क्यापुरती. माशाची घाण कुठे टाकायची, जाळी कुठे वाळवायची, भांडणतंट्याला दंड किती, सगळं त्याच्या अखत्यारीत. जाळी वाळवायला उभ्या-आडव्या काठ्यांच्या मांडवांच्या लांबच लांब रांगा असायच्या. तागाची, सुताची जाळी ओली राहिली की कुजली. त्यामुळे बंदराची बरीच जागा होड्यांनी नाही, जाळ्यांनी खाल्लेली असे.

आणि मासा धरायच्या मोक्याच्या जागा चिठ्ठ्या टाकून वाटायचे. काठावरून ओढायचं मोठं जाळं असे, त्याला 'नूत' म्हणतात. ते कोणत्या वळणावर कोणी टाकायचं, हे नशिबावर.

तारकर्लीचो

काय सांगतास! ही तर आमची रापण.

आमच्याकडे अर्धी माणसं या दोरीला, अर्धी त्या दोरीला, आणि मासा आला की वाटे. होडीचा वाटा वेगळा, जाळ्याचा वेगळा, ओढणाऱ्यांचा वेगळा. माझे आजोबा रापणीला होते. ते म्हणायचे, मासा पकडणं सोपं, वाटा पाडणं कठीण. तुमच्या येव्लेकरांनी चिठ्ठ्या टाकल्या यात मला काहीच नवल वाटत नाही. लिहा, वाचतंय.

शंकासुर

लेख रोचक आहे, पण माझ्या डोक्यात दोन गोष्टी जुळत नाहीत. जगभर समुद्राची पातळी वाढते आहे असं रोज वाचतो. मग तुमच्याकडे ती कमी कशी? पाणी एकच ना? आणि जमीन 'वर येते' म्हणजे नेमकं काय होतं? भूकंप वगैरे?

कडप्पा

मी भूगर्भशास्त्राचा पदवीपर्यंतचाच विद्यार्थी, पण हे समजावायचा प्रयत्न करतो.

कणकेचा मळून मुरलेला गोळा घ्या. त्यावर बोट दाबून धरा, मग काढा. खळगा लगेच भरत नाही, हळूहळू वर येतो. इथे बोट म्हणजे बर्फ. शेवटच्या हिमयुगात या भागावर सुमारे ३ किलोमीटर जाडीचा बर्फ होता. त्या वजनाने खालचा कठीण कवचाचा थर दबला आणि त्याखालचा अति घट्ट, पण सावकाश वाहू शकणारा थर बाजूला सरकला. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी बर्फ वितळला. बोट निघालं. तो खालचा थर अजूनही परत येतोय.

धागाकर्त्यांनी त्यांच्या किनाऱ्याचं नाव घेतलं नाही, मी घेतो : हेगा कुस्टेन, म्हणजे उंच किनारा. तिथे स्कूलेबेर्येत नावाचा डोंगर आहे. बर्फ गेला तेव्हा समुद्राचं पाणी त्याच्या अंगावर जिथवर पोचलं होतं ती रेषा आज समुद्रसपाटीपासून २८६ मीटर उंचीवर आहे. बर्फाचं ओझं उतरल्यामुळे वर आलेली जुनी समुद्ररेषा जगात कुठेही एवढ्या उंचीवर दिसत नाही. त्याबद्दलच २००० मध्ये हा भाग युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला, आणि २००६ मध्ये समोरचा फिनलंडचा क्वार्केन द्वीपसमूह त्याच नोंदीत जोडला गेला. तिथे उलट सगळं सपाट, म्हणून जमीन जरा वर आली तरी नवीन बेटं डोकं काढतात.

समुद्राचं म्हणाल तर दोन्ही एकाच वेळी खरं आहे. पाणी वर्षाला तीन-चार मिलिमीटर चढतं आहे, जमीन ८ चढते आहे. जमीन पुढे आहे, पण अंतर पूर्वीपेक्षा कमी झालं.

शंकासुर

कणीक कळली. धन्यवाद. पण मोजमापं नव्हती तेव्हा हे लोकांना कळलं कसं? ८ मिलिमीटर म्हणजे माझ्या करंगळीच्या नखाएवढं.

उत्तरकाठ

@कडप्पा, काय सुरेख लिहिलंत. कणीक आता मी इथल्या मित्रांनाही सांगणार.

@शंकासुर, याचं उत्तर पुन्हा येव्लेला जातं, आणि ते माझ्या मते या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात झकास प्रकरण आहे.

कोळ्यांना ते कळलं सीलमुळे. बाल्टिकमधले सील पाण्याच्या जेमतेम वर असलेल्या खडकावर येऊन लोळतात. शिकाऱ्यांसाठी असा खडक म्हणजे मालमत्ता. तो वडिलोपार्जित असे, त्याची कागदोपत्री नोंद होई. पण पिढ्या उलटल्या की खडक उंच व्हायचा, सीलला चढता यायचं नाही, आणि मालमत्तेची किंमत शून्य. येव्लेजवळच्या इग्गोन बेटावरच्या अशाच एका खडकाची सोळाव्या शतकातली हकीकत आंदेर्स सेल्सियसने धरली. हो, तोच, तापमापीवाला. जुन्या कागदात खडक सीलच्या उपयोगाचा, आपल्या काळात निरुपयोगी, म्हणजे मधल्या वर्षांत पाणी अमुक इतकं खाली गेलं. असा हिशेब.

पण तो तेवढ्यावर थांबला नाही. १७३१ मध्ये त्याने येव्लेजवळच्याच लोवग्रुंड बेटावर, पाण्याच्या रेषेवर, एका मोठ्या खडकात खूण आणि साल कोरून घेतलं. पुढच्यांनी येऊन मोजावं म्हणून. ती खूण आजही आहे. आज ती पाण्यापासून सुमारे २ मीटर उंच आहे.

गंमत अशी की सेल्सियसला जमीन वर येते असं वाटलंच नव्हतं. त्याच्या मते समुद्र आटत होता. खूण बरोबर, कारण चूक. तरी तेवढ्यानेही गदारोळ झाला. समुद्र असाच आटत आला असेल तर एके काळी अर्धा स्वीडन पाण्याखाली असणार, मग बायबलमधल्या कालगणनेचं काय? सेल्सियस १७४४ मध्ये गेला. १७४७ च्या संसदेत पाद्र्यांच्या सभागृहाने या मताचा निषेध केला, आणि १७५५ मध्ये बिशप ब्रोवालियसने त्याच्या खंडनासाठी पुस्तकच लिहिलं. म्हणजे विचार करा, सील आणि कोळ्यांच्या धक्क्यावरून संसद पेटली होती.

१८३४ मध्ये चार्ल्स लायेल हा स्कॉटिश भूशास्त्रज्ञ मुद्दाम लोवग्रुंडला खूण बघायला आला. आधी त्याचा विश्वास नव्हता. बघून गेल्यावर त्याने जमीन वर येते असं मान्य केलं. बर्फाच्या वजनाचं कारण मात्र आणखी तीस वर्षांनी, १८६५ मध्ये, टॉमस जेमिसन या स्कॉटिश माणसाने मांडलं.

पैठणीवाली

वाचता वाचता चहा गार झाला.

माझा एकदम संसारी प्रश्न : ही जी नवीन जमीन पाण्यातून वर येते तिचा सातबारा कुणाच्या नावावर?

तारकर्लीचो

हाहा, हाच प्रश्न मला पडला होता. आमच्याकडे तर रात्रीत कुंपण पडेल आणि सकाळी होमस्टेचा बोर्ड.

उत्तरकाठ

अस्सल मराठी प्रश्न! साधारण नियम असा, की ज्याच्या मालकीचं पाणी, त्याची त्यातून वर आलेली जमीन. आणि गावापुढचं पाणी पुष्कळदा गावाचं सामाईक असतं. त्यामुळे तुमच्या घराची हद्द पूर्वी पाण्याला भिडत होती म्हणून आज समोर आलेली पट्टी आपोआप तुमची होत नाही. ती सगळ्यांची. शेजाऱ्याच्या समोर गवत उगवलं आणि त्यावर अख्ख्या गावाचा हक्क, यावरून काय काय होत असेल याची कल्पना करा. इथले लोक मोठ्याने भांडत नाहीत, एवढाच फरक.

घरांचं सोडा, इथे शहरंच्या शहरं उठून समुद्राकडे गेली आहेत. ओस्तहामारचा समुद्राकडे जायचा मार्ग उथळ झाला म्हणून तिथल्या लोकांनी १४९१ मध्ये बाहेरच्या काठाला ओरेग्रुंड वसवलं. त्याहून मोठं उदाहरण लुलेओ. १६२१ मध्ये शहर स्थापन झालं आणि अवघ्या २८ वर्षांत, १६४९ मध्ये, बंदर उथळ होतंय म्हणून ते समुद्राच्या दिशेने हलवावं लागलं. जुन्या जागी चर्च आणि त्याभोवतीच्या लहान लाकडी घरांची वस्ती उरली. तीही आता जागतिक वारशात आहे.

उल्वोहाम्नचं नशीब बरं. काठ खडा आहे आणि मधली पट्टी खोल. पाणी तीन मीटर उतरलं तरी काठ फार लांब गेला नाही, काही पावलं खाली उतरून नवी शोबूद बांधता आली. सपाट काठाच्या बंदरांची तेवढ्यात वाट लागते.

खमंग

इतका वेळ गप्प बसून वाचत होते, पण मुद्द्याचं कुणीच विचारत नाही. तो कुप्रसिद्ध डबा! सडक्या माशाचा, उघडला की लोक पळतात तो. व्हिडिओ पाहिलेत. तो याच भागातला ना?

उत्तरकाठ

@खमंग, वाटच बघत होतो. हो, याच किनाऱ्याचा. सुरस्त्रोमिंग, म्हणजे आंबट स्त्रोमिंग. उल्वोनचं नाव स्वीडनभर झालं ते कापेलमुळे नाही, याच्यामुळे. पण 'सडका' म्हणू नका, इथे मार बसेल. आंबवलेला.

यामागे मिठाची गोष्ट आहे. बोथ्नियाच्या आखाताचं पाणी मचूळ, हजारी पाच-सहा भाग मीठ. नेहमीच्या समुद्रात पस्तीस असतं. ऊनही बेताचं. त्यामुळे आपल्यासारखी मिठागरं इथे शक्यच नाहीत. मीठ यायचं पोर्तुगालच्या सेतूबाल वगैरे बंदरांतून, जहाजाने. वर राजाचा नियम असा, की या आखातातल्या बहुतेक शहरांनी परदेशाशी थेट व्यापार करायचा नाही, सगळं स्टॉकहोममार्फत. हा जाच १७६५ पर्यंत चालला. लढाई लागली की जहाजं अडायची आणि मीठ सोन्याचं व्हायचं.

मग माणूस काय करतो? कमी मिठात भागवतो. मासा खारवायला पुरेसं मीठ नाही, पण कुजू नये इतकं आहे, या मधल्या जागेत एक वेगळेच जिवाणू वाढतात. ते मासा आंबवतात. व्हिनेगरवालं आम्ल, खवट लोण्याच्या वासाचं आम्ल आणि सडक्या अंड्याचा वायू, सगळं एकदम. बाकीच्या, खऱ्या सडवणाऱ्या जिवाणूंना मात्र तिथे थारा नाही.

आजची रीत अशी. वसंतात, अंडी घालायच्या आधी धरलेला मासा एक-दोन दिवस कडक खारात ठेवतात, रक्त निघून जातं. मग डोकं आणि आतडी काढून हलक्या खारात, पिंपात, बऱ्यापैकी थंड जागी आंबायला. मग उन्हाळ्यात डब्यात. डब्यातही आंबणं चालूच, म्हणून डबा फुगतो. ऑगस्टच्या तिसऱ्या गुरुवारी नव्या मालाचा मुहूर्त. त्याआधी विकू नये असा पूर्वी सरकारी नियमच होता. अर्धकच्चा माल बाजारात येऊ नये म्हणून. नियम गेला, गुरुवार राहिला.

स्त्रोमिंग कशाला म्हणायचं आणि 'सिल' (हेरिंगचं स्वीडिश नाव) कशाला, यालाही राजाचा कायदा. काल्मार शहराच्या उत्तरेला धरला तर स्त्रोमिंग, दक्षिणेला धरला तर सिल. मासा तोच.

खमंग

पण चव? चवीचं सांगा. कोलीम, सुकट, खारा बांगडा खाणाऱ्या माणसाला झेपेल का?

उत्तरकाठ

सुकट ही वाळवलेली, ओळखीची चीज. हे वेगळं प्रकरण आहे. मी पहिल्यांदा खाल्लं ते एका सहकाऱ्याच्या अंगणात. डबा पाण्याच्या बादलीत बुडवून उघडला, तरी शेजारचा कुत्रा उठून गेला. वास नाकात जाईपर्यंत धीर धरायचा, मग तो जरा बसतो. खायची पद्धत ठरलेली. पातळ कडक किंवा मऊ भाकरीसारखा 'तुन्ब्रोद', त्यावर लोणी, बदामाच्या आकाराच्या छोट्या बटाट्याच्या चकत्या, बारीक कांदा, मग माशाचा तुकडा, वर आंबट साय. सगळं मिळून तोंडात गेलं की खारट, आंबट, किंचित चीजसारखं लागतं. वास आणि चव दोन वेगळ्या गावच्या. मी दुसरा तुकडा घेतला, तिसरा घेतला नाही.

एक सूचना : डबा सामानात टाकून भारतात आणायच्या फंदात पडू नका. २००६ मध्येच एअर फ्रान्स आणि ब्रिटिश एअरवेजने फुगलेला डबा म्हणजे धोका असं म्हणून बंदी घातली. इथले लोक अजून त्यावर रुसून आहेत. दुसरं, बाल्टिकच्या तेलकट माशात डायॉक्सिन असतं, त्यामुळे लहान मुलांनी आणि मूल होण्याच्या वयातल्या बायकांनी तो वर्षाला दोन-तीनदाच खावा असा इथला सरकारी सल्ला आहे.

शंकासुर

आणि आता? अजून मासेमारी चालते का तिथे, की नुसतं पर्यटन?

उत्तरकाठ

येव्लेकरांचं येणं एकोणिसाव्या शतकात कमी कमी होत थांबलं. वर्षभर राहणारे बेटकरी झाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला होड्यांना मोटर आली, बंदरात मासा खारवणारे बरेच लहान कारखाने उभे राहिले. आज त्यातलं फार थोडं उरलंय. ओविकच्या उत्तरेला शेप्समालेन नावाचं मासेमारांचं गाव आहे, तिथे सुरस्त्रोमिंगचं संग्रहालय आहे. एखाद्या गोष्टीचं संग्रहालय झालं की समजून घ्यायचं.

माशाचंही बरं नाही. मोठे ट्रॉलर बाहेरच्या समुद्रात बेसुमार स्त्रोमिंग उपसतात, त्यातला मोठा भाग माणसाच्या पोटात जातच नाही. त्याची भुकटी होते, पाळलेल्या सामनसारख्या माशांच्या खाद्यासाठी. काठावर येणारा मासा कमी आणि बारीक झाला अशी छोट्या मासेमारांची ओरड आहे. २०२३ मध्ये युरोपीय आयोगाने बोथ्नियातली स्त्रोमिंगची थेट मासेमारी २०२४ साठी बंद करा असं सुचवलं होतं. सदस्य देशांच्या मंत्र्यांनी ती बंद न करता कोटा सुमारे ३० टक्के कापला. गेली काही वर्षं ऑगस्टच्या त्या गुरुवारी दुकानांत डबे पुरत नाहीत. माझं स्पष्ट मत : चारशे वर्षं जमीन वर आली तरी हे बंदर टिकलं, कारण मासा होता.

तारकर्लीचो

हे मात्र आमच्या इथलंच लिहिलंत. रापणीला काय येतं आणि एलईडी दिवे लावून बाहेर काय ओढतात... जाऊ दे, विषय वाढेल.

मला होड्यांचं सांगा. तुमच्याकडे समुद्र गोठतो ना? मग होड्या वर कशा ओढता? आम्ही पावसाळ्याच्या तोंडावर ओंडक्यांवरून ओढतो, झापांनी शाकारतो, आणि नारळी पौर्णिमेनंतर परत पाण्यात.

उत्तरकाठ

अगदी तसंच, फक्त ऋतू उलटे. शरद ऋतूत, बर्फ धरायच्या आधी वर, आणि मे महिन्याच्या आसपास पाण्यात. बर्फ होडीला धरून पिळतो, फळ्या सुटतात, म्हणून पाण्यात ठेवायची सोय नाही. काठावर आडवे लाकडी ओंडके एकामागे एक टाकलेले असतात, त्यांना 'लुन्नोर' म्हणतात. त्यांवरून ओढत शोबूदमध्ये न्यायची. आता बहुतेक जण काँक्रीटच्या उतारावरून ट्रेलर लावतात, मोटारीने ओढतात.

पण इथे तुमच्यापेक्षा एक काम जास्त. दर काही वर्षांनी उताराच्या खालच्या टोकाला एखादा ओंडका वाढवायचा, धक्क्याला एखादी फळी जोडायची. पाणी उतरलेलं असतं ना.

मी ज्यांच्या होडीला हातभार लावायला जातो ते आजोबा ऐंशीच्या पुढचे. त्यांच्या शोबूदच्या शेजारी खडकात एक लोखंडी कडी ठोकलेली आहे, होडी बांधायची. त्यांच्या वडिलांनी, लग्नाच्या आधी बसवलेली. होडीत बसल्या बसल्या हात पोचेल अशी. आता ती माझ्या छातीला लागते, आणि खाली पाणी नाही, गवत आहे. गेल्या खेपेला गेलो तर आजीने तिथून समोरच्या खांबाला दोरी बांधून चादरी वाळत घातल्या होत्या.

पैठणीवाली

आजींना येवल्याहून नमस्कार सांगा. वाचनखूण साठवली.